लाल बटण कुणाच्या हाताशी

मास्तर चित्रकला शिकवायचे आणि स्वभावाने उतावळे होते. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदल्या ते देवच जाणे. वर्गात मुलांना सांगायचे, "घाई नको, रेघ सावकाश ओढा," आणि घरी खिळा ठोकायच्या आधीच फोटो टांगायला निघायचे. लग्न झाल्यापासून बायकोचा एकच शब्द त्यांच्या मागे फिरत असे. थांबा, दूध उकळतंय. थांबा, किल्ली घेतलीत का? थांबा, जिना ओला आहे. त्या एका शब्दामुळे भावोजी हातीपायी धड निवृत्त झाले, असं त्यांची मेहुणी म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

मग बायकोला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. कळायचं सगळं, डोळे पूर्वीसारखेच धारदार, पण तोंडातून शब्द निघेना. थेरपिस्ट बाईंनी एक टॅब दिला. त्यावर चित्रांचे चौकोन होते, चौकोनाला बोट लावलं की टॅब तो शब्द बोलायचा. आवाज मेहुणीने भरला, कारण दोघी बहिणींचे आवाज इतके सारखे की फोनवर खुद्द मास्तरही फसत.

पण तिचा चांगला राहिलेला डावा हातही थरथरायचा. पाणी मागायला जावं तर बोट शेजारच्या चौकोनावर घसरे आणि टॅब म्हणे, "पंखा बंद करा." पंखा बंद व्हायचा, ती तहानलेलीच. 'चहा हवा' तर इतक्यांदा वाजायचं की मास्तर कप भरून आणून ठेवत आणि ती तोंड फिरवत असे. हळूहळू तिने टॅब पालथा घालून ठेवायला सुरुवात केली. थेरपिस्ट बाई जाताना दारात मास्तरांना म्हणाल्या, "त्यांनी आत्ता नाद सोडला ना, तर पुन्हा धरायला लावणं फार कठीण."

उपाय होता. जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याला प्रत्येक चौकोनावर एक भोक पाडायचं आणि तो पत्रा टॅबवर बसवायचा. मग हात पत्र्यावर टेकला तरी चालतं, बोट तेवढं भोकातून आत जातं. पण या टॅबच्या मापाची तयार जाळी कुठे मिळेना, आणि करून मागवावी तर कित्येक महिने थांबा. मास्तरांनी भोकं हाताने पाडून बघितली. पहिल्या ओळीतच पत्रा तडकला.

तेव्हा मास्तरांनी मागच्या खोलीत मशीन आणलं. हौशी लोकांचं, सुटे भाग जोडून उभं करायचं. खाली टेबल, वर सरकती कमान, कमानीवर गरगरणारी मोटर आणि मोटरीच्या टोकाला कापणारं बिट. ते चालवणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, फुकट, आणि आतलं सगळं कुणालाही उघडून बघता येईल असं. सोबतच्या सूचनाही त्याच लोकांनी लिहिल्या होत्या, आणि दर पानावर कुणीतरी स्वतःची फजिती सांगून वर बजावलेलं, की आमच्यासारखं करू नका. मास्तरांनी ती पानं वाचली. म्हणजे पहिली काही वाचली.

सुरुवात झकास झाली. बिटाच्या जागी पेन्सिल बांधून आधी कागदावर चालवा, असं सूचनांत होतं. कमान सरसर फिरली आणि कागदावर जाळीची भोकं उमटली, अशी काटेकोर की मास्तरांना मशीनला शाबासकीचा शेरा द्यावासा वाटला. मोटर जोडल्यावर मात्र बिनसलं. मोटर सुरू झाली की मशीन मध्येच थबके आणि पडद्यावर तांबडी अक्षरं येत: कमान टोकाला धडकली. कमान बापडी मधोमध उभी! टोकांना छोटे लिमिट स्विच असतात, कमान तिथे पोचली की ते सॉफ्टवेअरला कळवतात. इथे ते उगाचच कोल्हेकुई करत होते. मास्तरांनी हौशी मंडळींच्या चर्चेत प्रश्न टाकला आणि उत्तर यायची वाट न बघता सेटिंगमध्ये जाऊन लिमिट स्विच बंद करून टाकले.

मेहुणी बहिणीला आंघोळ घालायला रोज सकाळी यायची. ती म्हणाली, "भावोजी, कुत्रं भुंकतं म्हणून त्याचं तोंड बांधलंत. आणि चोर खरंच आला तर?"

"अगं, चोर येतोय कुठून? चार बोटांचं तर मशीन."

"आणि हे लाल बटण मशीनच्या मागच्या भिंतीवर का?"

ते बटण दाबलं की सगळ्याची वीज जायची. वायर आखूड होती हे एक कारण. दुसरं असं, की पुढे लावलं तर नाकावर मस आल्यासारखं दिसेल, असं चित्रकला मास्तरांचं मत होतं.

मास्तरांनी पत्रा टेबलावर लोखंडी पकडींनी आवळला. बायको चाकाच्या खुर्चीत दाराशी होती. मेहुणीने मांडीवरचा टॅब सुलटा करून ठेवला होता. मास्तरांनी 'सुरू' दाबलं.

आता मघाच्या थबकण्याने मशीन आपली जागाच विसरलं होतं. कुठेही थबकलं की आधी त्याला कोपऱ्यातल्या स्विचपाशी नेऊन 'तू इथे आहेस' असं सांगावं लागतं, पण स्विचच बंद, तर सांगणार काय! कमान भलतीकडेच निघाली. टोकाला जाऊन धडकली तरी थांबेना, तिथेच धडधडत राहिली, आणि बिट पत्रा सोडून लोखंडी पकडीकडे सरकू लागलं. मास्तरांची पाचावर धारण बसली. लाल बटण पलीकडच्या भिंतीवर. त्यांनी गरगरत्या बिटावरून हात लांब केला.

"चहा हवा," टॅब म्हणाला.

मास्तर पुढे वाकले.

"चहा हवा. चहा हवा. चहा हवा."

"अगं, आत्ता कसला चहा!" मास्तर कडाडले आणि ओरडायलाच मागे वळले. हात आपोआप त्यांच्याबरोबर मागे आला. तेवढ्यात खाडकन आवाज झाला. बिट पकडीवर आपटून मोडलं आणि तुकडा जिथे त्यांचं मनगट होतं तिथून सुसाट जाऊन भिंतीच्या गिलाव्यात रुतला. मेहुणीने धावत जाऊन भिंतीतला प्लग उपटला. खोली एकदम गप्प झाली.

मास्तर जमिनीवरच बसले. हाताची बोटं एकेक करून वाकवून पाहिली. सगळी होती. जीव भांड्यात पडला, पण भांडं अजून हलत होतं. समोर बायको टॅबवर बोट दाबून धरून रडत होती. मास्तर सरकत तिच्यापाशी गेले आणि बोटाखाली बघितलं. 'चहा'चा चौकोन. आणि त्याच्या अगदी बाजूला, उघडा पंजा काढलेला, 'थांबा'.

"तू चहा मागत नव्हतीस," ते म्हणाले.

तिने मान डोलावली.

"आणि आजवर ते सगळे चहा?"

तिने डोळे असे फिरवले, की मेहुणीला एवढ्या रडारडीतही हसू फुटलं. "भावोजी, ताई इतके दिवस ओरडतेय आणि तुम्ही आधण ठेवताय!" मग तिघंही हसली, मोठं संकट टळल्यावर माणसं हसतात तशी, थोडी वेड्यासारखी. मास्तरांना मात्र हसता हसता भरून आलं. बायको आजारी पडल्यापासून या घरात आपल्याला कुणी थांबवलं नाही, असं त्यांना वाटत होतं. ती तर रोज थांबवत होती.

त्यानंतर मास्तरांनी सूचना वाचल्या. सगळ्या. चर्चेत उत्तरही येऊन पडलेलं होतं, कुठल्याशा देशातल्या अनोळखी माणसाचं: स्विच बंद करू नका, मोटरीची जाड वायर आणि स्विचच्या बारीक वायरी एकाच जुडग्यात बांधल्या असतील, तर मोटरीचा गोंगाट त्यांच्यात शिरतो, दोन्ही वेगळ्या करा. मास्तरांनी त्या एकत्र बांधल्याच होत्या, आणि फार सुबक बांधल्या होत्या. सोडल्या. स्विच पुन्हा चालू केले. खोटी ओरड बंद झाली, आणि मोटर चालू असताना मुद्दाम बोटाने स्विच दाबून पाहिला तर मशीन शहाण्यासारखं जागीच थांबलं.

लाल बटणासाठी वायरमनला बोलावलं.

"लांब वायर टाका," मास्तर म्हणाले.

"कुठे लावायचंय? मशीनच्या पुढे?"

"यांच्या खुर्चीला."

वायरमनने बायकोकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं. "आणि चालू कोण करणार?"

"मी. थांबवणार ती. आमच्यात पहिल्यापासून असंच आहे."

बटण तळहाताएवढं होतं. त्यासाठी नेम लागत नाही, हात थरथरला तरी चालतो. बायकोने ते एकदा दाबून पाहिलं. टक्क आवाज झाला, खोलीतले मशीनचे सगळे दिवे गेले, आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जुनी हुकमत दिसली.

नवा पत्रा आवळला. कमानीला आधी कोपऱ्यात नेऊन जागा ओळखवली, मग बिट वर उचलून अख्खं काम एकदा नुसतं हवेत करून घेतलं. बायको बटणावर हात ठेवून बघत होती. मास्तरांनी मोटर सुरू केली, बिट खाली येऊ लागलं, आणि टक्क! सगळं बंद.

"अगं, आता काय झालं? सगळं बरोबर चाललंय की!"

तिने डावा हात उचलून आपल्या कपाळाला लावला. मास्तरांनी स्वतःचं कपाळ चाचपलं. डोळ्यांवर असायला हवा तो गॉगल तिथे चढलेला. मेहुणी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. मास्तरांनी मुकाट गॉगल खाली ओढला, कमान पुन्हा कोपऱ्यात नेली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी बटणावरचा हात उठला नाही. एकेक भोक पडत गेलं, मास्तर जागचे हलले नाहीत, आणि मशीन काम संपवून आपणहून थांबलं तेव्हा त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा भुसा उडाला.

पत्र्याच्या कडा त्यांनी घासून गुळगुळीत केल्या, एकेका भोकातून स्वतःचं बोट फिरवून खात्री केली, आणि जाळी टॅबवर बसवली. टॅब बायकोच्या मांडीवर ठेवला. तिने हात जाळीवर टेकवला. तो थरथरत होताच, पण आता थरथरला तरी कुठे घसरत नव्हता. तिने लगेच काही दाबलं नाही. चौकोन बघत राहिली.

मास्तरांना राहवेना. "काय देऊ? पाणी? की आता खरंच चहा? थांब, ठेवतोच," म्हणून ते उठलेसुद्धा.

बोट भोकात गेलं.

"थांबा," तिचा आवाज म्हणाला.

आवाज मेहुणीचा होता हे मास्तरांना ठाऊक होतं, पण शब्द बायकोचाच होता. ते जिथल्या तिथे उभे राहिले. तिने जाळीवरून हात सरकवला, आणखी एक भोक शोधलं, आणि सावकाश दाबलं.

"बसा."

मास्तर बसले.