मधल्या सुराची तार

पियानो सुरात लावून देणाऱ्या त्या माणसाला सगळे कानवाले म्हणत, आणि ते नाव काही फुकटचं नव्हतं. शेजारच्यांचा नळ ठिबकायला लागला तरी तो कुठल्या सुरात ठिबकतोय, हे पठ्ठ्या जेवताजेवता सांगायचा. पण कान तिखट असून उपयोग काय? जे ऐकू नये तेच माणसाला नेमकं ऐकू येतं. गेले चार महिने त्याला घरात एकच शब्द ऐकू येत होता. मास्तर!

"मास्तर म्हणाले", "मास्तरांनी सांगितलं", "अहो, मास्तर आज काय हसले!" भाजी चिरताना मास्तर, कपडे वाळत घालताना मास्तर. त्याची बायको हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची. तिथंच पुढच्या काउंटरवर, पेशंटची नोंद करणाऱ्या खुर्चीत, एक जागा निघाली होती. मात्र इंग्रजी बोलता यायला हवं आणि तोंडी परीक्षेचा दाखला हवा. म्हणून ती संध्याकाळच्या वर्गाला जायला लागली. वर्गाचा फॉर्म तिला आणून दिला कुणी, तर खुद्द कानवाल्यांनी. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

मास्तरची शिकवायची तऱ्हा जगावेगळी. वर्गात एक जुना पियानो होता, तो लावायला कानवालेच जात. तीन सूर एकदम दाबायचे, म्हणजे झाली कॉर्ड. ती ऐकून मनाला कसं वाटतं, त्याचा इंग्रजी शब्द सांगायचा आणि त्यावर चार वाक्यं बोलायची. मधला सूर जागेवर असला की 'चिअरफुल'. तोच मधला सूर एक पट्टी खाली आणला की 'लोनली'. आणि अगदी शेजारशेजारचे दोन सूर एकदम दाबले, ते एकमेकांच्या उरावर बसले, की 'जेलस'.

"जेलस म्हणजे काय गं?" त्यानं विचारलं.

"बघा आरशात," असं म्हणून ती हसतहसत भांडी विसळायला निघून गेली. अर्थ काही सांगितला नाही.

त्याला झोंबलं ते निराळंच होतं. बारा वर्षं त्यानं हिला हेच समजवायचा प्रयत्न केला होता. हा सूर ऐक, आता हा त्याच्या शेजारी ठेव, बघ कसं वाटतं. तेव्हा ही जांभई द्यायची. "अहो, मला त्यातलं ओ का ठो कळत नाही." आणि आता त्याच सुरांवर तिचे डोळे लकाकत होते! पियानो त्याच्या हातचा, सूर त्याचे, आणि कौतुक मास्तरचं. आयत्या बिळावर नागोबा! त्याचा नुसता जळफळाट होत होता. वर ही काउंटरवर बसणार, चार मोठ्या लोकांशी इंग्रजीत बोलणार, मग घरी येऊन खुंट्या पिळणाऱ्या नवऱ्याशी काय बोलणार, कप्पाळ?

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी तो नेहमीप्रमाणे वर्गाचा पियानो लावायला गेला. दोन तास खपून त्यानं सगळे सूर चोख लावले. खुंट्या पिळायची किल्ली पिशवीत टाकली, झाकण लावलं, दारापर्यंत गेला, आणि परत आला.

बायको आठवडाभर इस्त्री करताना, परीक्षेत वाजवायची तिची पहिली कॉर्ड गुणगुणत होती. तिचे तीन सूर त्याला पाठ होते. पियानोच्या एकेका सुराला तीन-तीन तारा असतात. मधल्या सुराच्या एका तारेची खुंटी त्यानं किल्लीनं केसभर सैल केली. फक्त केसभर. ही चिअरफुल म्हणणार आणि पियानो रडणार. परीक्षक लिहिणार, हिला काही कळत नाही. खुर्ची दुसरीला जाणार, मास्तरचं नाक कापलं जाणार. घरी जाताना त्याला वाटलं होतं तेवढं बरं काही वाटलं नाही, पण परत फिरून ती तार तो नीट करून आला नाही, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी तो मागच्या बाकावर बसला. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई कडक दिसत होत्या. बायको पियानोपाशी गेली, पदर सारखा केला आणि कॉर्ड दाबली. ईईई! बाईंच्या कपाळाला आठी पडली. बायकोनं पुन्हा दाबली. मग एकेक सूर वेगळा दाबला आणि मधल्यापाशी थांबली.

मान वळवून तिनं मागच्या बाकाकडे पाहिलं. तिच्या नवऱ्यानं लावलेला सूर सहा-सहा महिने हलत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? नवरोबा छताचा पंखा न्याहाळत होते.

बाईंनी काहीतरी विचारलं. बायको बोलायला लागली. आधी अडखळत, मग सरळ. त्याला एक 'हजबंड' सोडून काही कळलं नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे बघितलं. मग बायकोनं हात उजवीकडे सरकवला, वरच्या पट्ट्यांवर तीच कॉर्ड दाबली, ती छान खणखणीत वाजली, आणि पुढची सगळी परीक्षा तिनं तिथंच दिली. शेवटी बाईंनी उठून तिच्याशी हात मिळवला. पास!

"मी बाहेर पायरीवर आहे," नवऱ्याजवळून जाताना ती एवढंच म्हणाली.

ती काय बोलली, ते आता विचारायचं कुणाला? अडला हरी, गाढवाचे पाय धरी. अर्थात या गोष्टीत गाढव कोण, ते त्यालाही कळत होतं. तो मास्तरपुढे जाऊन उभा राहिला. शब्द कळले नव्हते, पण कानानं सगळं टिपलं होतं. चढउतारासकट त्यानं तिची वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली.

"माय हजबंड डिड धिस. ही इज अ गुड ट्यूनर. पीपल विल से, ही इज जेलस. नो. ही इज अफ्रेड. ही थिंक्स आय विल गो अवे."

मास्तरनं एकेक वाक्य मराठीत सांगितलं. "ती म्हणाली, हे माझ्या नवऱ्यानं केलंय. तो चांगला कारागीर आहे. लोक म्हणतील, जळतो. पण जळत नाही, घाबरलाय. त्याला वाटतं, मी त्याला सोडून जाईन."

कानवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं पिशवीतून किल्ली काढली. मास्तरनं पियानोचं झाकण धरून ठेवलं आणि यानं ती तार जागेवर आणली. चार वेळा तपासली.

बाहेर बायको पायरीवर बसली होती. तो शेजारी टेकला.

"अफ्रेड," तो म्हणाला.

"कळलं म्हणायचं." ती रस्त्याकडे बघत राहिली. "अहो, हेच घरी आपल्या भाषेत सांगायला काय धाड भरली होती तुम्हाला?"

"तू हसली असतीस."

"हसले असतेच. पोट धरून हसले असते. आणि मग म्हटलं असतं, वेड्या माणसा, मी कुठे जातेय?"

"मग आता म्हण."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. "आता नाही येत तोंडात. माझी खुर्ची घालवायला निघाला होतात तुम्ही. थांबा थोडे दिवस."

ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि त्याची वाट न बघता चालायला लागली. तो दोन पावलं मागे राहून घरापर्यंत तिच्या चपलांचा आवाज ऐकत गेला.