चार रिळांची जागा

मी एक जुना स्पीकर आहे. वीतभर उंच, लाकडी अंगाचा. माझा जुळा भाऊ फळीच्या दुसऱ्या टोकाला असतो. एकट्याने अर्धंच गाणं निघतं, म्हणून आम्हाला जोडीनेच विकतात.

मित्रांनो, कारखान्यातलं मला एवढंच आठवतं, की एका बाईने माझ्या पोटातली शेवटची तार जोडली, कान लावून ऐकलं आणि मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी. दुकानात मात्र आम्ही दोन वर्षं कोपऱ्यात पडून होतो. शेजारी कमरेएवढे स्पीकर उभे असत. गिऱ्हाइकं त्यांच्याकडेच वळत.

एके दिवशी गळ्यात टेप अडकवलेले एक शिंपी आले. त्यांची बायको पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती. तिचा दिवस भिंतीकडे बघण्यात जायचा.

"मास्तर, ही मोठी जोडी न्या. गल्ली हादरेल," दुकानदार म्हणाला.

"गल्लीला नको, बायकोला ऐकवायचंय. दहा बाय नऊची खोली. एवढ्याशा अंगाला एवढा झगा?"

मग त्यांनी आम्हाला सुरू करायला लावलं आणि चक्क जमिनीवर आडवे झाले.

"अहो, बरं वाटत नाहीये का?"

"ऐकणारी आडवी असते. उभ्याने ऐकून मला काय कळणार?"

डोळे मिटून त्यांनी अख्खं गाणं ऐकलं आणि आम्हाला घरी आणलं.

मास्तरांना टापटीप भारी. त्यांनी आम्हाला भिंतीला अगदी चिकटवून बसवलं. माझ्या पाठीला एक गोल भोक आहे. तिथून हवा आत-बाहेर झाली, तरच माझा जाड आवाज मोकळा होतो. भिंतीने ते बुजलं.

"अहो, गाणारा डब्यात बसलाय का?" पलंगावरून आवाज आला.

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "प्रत्येक कपड्यात दोन बोटं जादा सोडतो, आणि इथेच विसरलो!"

त्यांनी दोऱ्याची चार रिकामी लाकडी रिळं आणली, दोन-दोन आमच्या पाठीशी आडवी लावली आणि आमची तोंडं उशीकडे वळवली. कपडा अंगावर नीट आला की म्हणायचे, तेच म्हणाले, "आता बसलं."

अकरा वर्षं आम्ही त्या खोलीत गायलो. गेल्या वर्षी मास्तर गेले. आमच्यावर जुनी चादर पडली.

पुढे खोलीला रंग द्यायचा म्हणून त्यांच्या मुलीने आम्हाला उतरवलं, पुसलं आणि पुन्हा फळीवर ठेवलं, भिंतीला टेकवून. एका दुपारी आई आपणहून म्हणाली, "लाव गं. बघू."

मित्रांनो, मी जीव तोडून गायलो. पण आवाज घुमला, कोंडला. आईने तोंड फिरवलं.

"बंद कर. ते गेले, आवाजही गेला."

"जुने झालेत गं आई. उद्या भंगारवाल्याला देऊन टाकते."

मला ओरडावंसं वाटलं. पण स्पीकरला स्वतःचं असं काही बोलता येत नाही. आईने उशीवरून मान पुन्हा आमच्याकडे वळवली. मग अचानक म्हणाली, "डब्यात बसल्यासारखं येतंय... अगं, मागची रिळं कुठायत?"

"कसली रिळं?"

"लाकडाची. चार होती. तुझ्या बाबांनी लावलेली."

मुलगी थबकली. साफसफाईत ती रिळं तिला फळीखाली पडलेली सापडली होती. कशाची ते कळलं नव्हतं, पण बाबांची म्हणून टाकवलीही नव्हती. ज्यात ती ठेवली होती तो बटणांचा डबा तिने आणला, आम्हाला पुढे ओढलं आणि एकेक रीळ जागेवर ठेवलं. शेवटचं ठेवताना तिचा हात जरा जास्त वेळ मागेच राहिला.

तिने पुन्हा गाणं लावलं आणि मी मोकळा श्वास घेतला.

गाणं संपेपर्यंत आईने डोळे उघडले नाहीत. मग म्हणाली, "आता बसलं."

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू बिघडली वाटली, तर टाकण्याआधी तिच्या मागे हात घालून बघा. कुणी तिथे काही ठेवलं होतं का, ते घरातल्यांना विचारा. मला आता थांबायला हवं; मुलगी माझ्या तोंडावरच्या जाळीची धूळ पुसतेय. उद्या सकाळी कोणतं गाणं हवं, ते आईने आत्ताच सांगून ठेवलंय.