मिरची आणि हिरवं पाकीट

"आता ही रडणार!"

बाबांचा तो आवाज अजून कानात आहे. मी सहा वर्षांची, गुडघा फुटलेला, डोळे काठोकाठ. पण बाबा तसं म्हणाले आणि मी फिस्सकन हसले. "आता हसतच बसणार," म्हणाले, की मी भोकाड पसरलं. कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात नुसत्या घरघरीवरून कुठलं यंत्र कधी बंद पडेल ते सांगणारा माणूस. लेकीपुढे मात्र तोंड उघडलं की हरायचा. तेव्हापासून माझं घरचं नाव मिरची. कागदोपत्री फान यि-रू, ते फक्त मी शिकवते त्या कॉलेजात.

निवृत्त झाल्यावर बाबांनी घरी एक प्रोग्रॅम लिहिला. त्याला दुसरा कुठलाही प्रोग्रॅम द्यावा. तो त्याला आपल्या पोटात लुटुपुटीचा चालवून बघणार आणि सांगणार, हा कधीतरी थांबेल की जन्मभर फिरत राहील. प्रत्येकाविषयी अचूक सांगणारा असा प्रोग्रॅम होऊच शकत नाही, हे मी दर वर्षी फळ्यावर सिद्ध करते. बाबांना मात्र वर्षभर सांगितलं नाही. उत्तर चुकलं, की मी कॉम्प्युटरवर ठेवलेल्या खाऊच्या हिरव्या पाकिटाकडे बोट दाखवायचे. "तारीख उलटली असेल, बाबा."

आमच्या शिंचू शहरात प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर ते पाकीट असतं. हिरवंच हवं, ताजंच हवं. शिळ्या पाकिटाखाली यंत्र शहाण्यासारखं वागत नाही, अशी इथली श्रद्धा. बाबांना चष्म्याशिवाय तारीख दिसत नाही, आणि चष्मा कधी सापडत नाही. ते नवं पाकीट आणायचे, जुनं आम्ही दोघं खायचो. गोड लागायचं ते माझं खोटं.

पण या शनिवारी देवळामागच्या चहाघरात, कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांपुढे, याच प्रोग्रॅमवर त्यांचं भाषण होतं. लाल कापडावर नाव रंगवून आलं होतं. त्या सोबत्यांची पोरं कॉम्प्युटरच्याच धंद्यातली. भर चहात बाबांचं हसं झालं असतं.

गुरुवारी दुपारी मी पाच ओळींचा एक प्रोग्रॅम घेऊन गेले. बाहेर वाऱ्यावर तांदळाच्या शेवया वाळत होत्या.

"नाव काय याचं?" बाबा.

"मिरची. ही तुमच्या प्रोग्रॅमलाच विचारते, 'माझं काय होणार?' तो म्हणाला 'थांबेल', तर ही फिरत राहते. तो म्हणाला 'थांबणार नाही', तर ही जागीच थांबते."

"तुझ्याच वळणावर गेलीय." त्यांनी बाह्या सरसावल्या. "पण मी, म्हणजे माझा प्रोग्रॅम, कच्चा नाही. मिरची माझ्या पोटात मलाच विचारणार, मी पुन्हा मिरची चालवणार, ती पुन्हा मलाच विचारणार. ही फुगडी दिसली रे दिसली, की मी ती तोडतो आणि सांगतो, थांबणार नाही!"

कळ दाबली. पडद्यावर आलं: थांबणार नाही. मग मिरची चालवली. तिने उत्तर ऐकलं, आणि थांबली.

"ही कुठली दुसरीच!" बाबा उसळले. "आतली थांबत नव्हती, मी स्वतः पाहिलं."

"आतलीला तुम्ही उत्तर ऐकूच दिलं नाही, बाबा. आधीच मानगूट धरलंत."

"मग बरोबरच की! माझ्या आतल्या मिरचीबद्दल मी बरोबर बोललो."

"विचारलं होतं बाहेरचीबद्दल."

बाबांनी कॉम्प्युटरवरचं पाकीट उचलून माझ्या हातात दिलं.

"तारीख बघ गं."

पुढच्या वर्षीचा मार्च. जुनं वाक्य जिभेवर येऊन बसलं होतं, आज्ञाधारक मांजरासारखं. तेवढ्यात बाबांच्या खिशातून चष्म्याची काडी डोकावताना दिसली. म्हणजे तारीख त्यांना स्वतःलाही वाचता आली असती.

"मला माहितीये," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता ही म्हणणार, तारीख उलटली!"

"पाकीट ताजं आहे, बाबा," मी म्हटलं. "तुमचा प्रोग्रॅमच चुकलाय. आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."