भुरीच्या पिंजऱ्याची कैफियत

मी एक पिंजरा आहे. ऐकून लगेच तोंड वाकडं करू नका. मला कोणाला डांबायचं नव्हतं. एका कुत्रीचा मोडलेला पाय जुळेपर्यंत तिला स्थिर ठेवायचं, एवढ्यासाठी मी जन्मलो. आणि ज्यांनी मला बनवून घेतलं, त्यांनाच माझं दार लावायचा धीर होत नव्हता.

मी मूळचा बुलढाण्याजवळच्या धाड गावचा. तिथे नागसेनचं वेल्डिंगचं दुकान आहे. बुलढाण्याचे भालचंद्र सर एसटीने त्याच्याकडे आले. सर पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक, वय चौऱ्याहत्तर. नागसेन त्यांचा जुना विद्यार्थी. सरांच्या घराचं गेट उघडं राहिलं होतं, त्यांची कुत्री भुरी बाहेर पळाली आणि रिव्हर्स येणाऱ्या जीपखाली तिचा मागचा पाय सापडला. डॉक्टरांनी पायात सळई घालून बजावलं होतं, ‘सहा आठवडे हालचाल नको. पिंजऱ्यातच ठेवा.’

पण कोणता पिंजरा, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. तिथेच सर अडकले.

त्यांच्या वहीत दोन रकाने होते. प्लॅस्टिक हलकं, पण कोंदट. लोखंड हवेशीर, पण दात लागले तर? प्लॅस्टिक धुवायला सोपं, पण उन्हाळ्यात तापेल. तसं लोखंडही तापेल. दोन्हींकडे सतरा-सतरा मुद्दे झाले, तेव्हा सरांनी अठरावाही दोन्हींकडे लिहिला.

“दोन सळयांमध्ये दीड इंच,” ते नागसेनला म्हणाले. “पंजा अडकायला नको. उंची तिच्या कानापर्यंत धर. की थोडी जास्त ठेवू?”

“सर, कुतरीसाठी पिंजरा पाह्यजे का ड्रेस शिवाचा हाये?” नागसेन हसला. “तुम्ही काऊन इतका इचार करून राह्यले? मी करून देतो ना!”

दोन दिवसांत मी तयार झालो. एका मालवाहू गाडीतून बुलढाण्याला पोचलो, तर हॉलमध्ये माझ्याआधी एक करड्या रंगाचा प्लॅस्टिकचा पिंजरा बसलेला. सरांच्या मुलीने, मधुवंतीने, तो पुण्याहून कुरिअरने पाठवला होता. सरांनी तिलाही ‘हो’ म्हटलं होतं आणि नागसेनलाही.

आधी मान त्याला मिळाला. आतल्या अंधारात भुरी दोन दिवस गुपचूप झोपली. पण दिवस मे महिन्याचे. तिसऱ्या दुपारी तिची जीभ बाहेर लोंबू लागली आणि सरांनी तिला उचलून माझ्यात ठेवलं. माझ्यात वारा होता, पण चहूकडून सगळं दिसत होतं. रस्त्यावरून स्कूटर गेली की ती दचके, माझ्या सळया चावे. “चुकलंच माझं,” म्हणत सरांनी तिला परत तिकडे नेलं. संध्याकाळी पुन्हा इकडे.

“अहो, किती बदल्या करताय तिच्या? सरकारी नोकरीत आहे का ती?” सरांच्या पत्नी प्रतिमाताई म्हणाल्या. त्यांनी एक जुनी सुती साडी आणून माझ्या तीन बाजू झाकल्या, पंखा माझ्याकडे वळवला. भुरी शांत झाली.

एवढ्यावर निभावलं असतं. पण भुरी मधूनमधून बारीक आवाजात कण्हायची आणि सरांना ते सोसायचं नाही. चौथ्या दिवशी प्रतिमाताई स्वयंपाकघरात असताना त्यांनी माझी कडी काढली. “पाचच मिनिटं हं, भुरे.”

खिडकीत मांजर होतं. भुरीने उडी मारली. तिची किंकाळी मी अजून विसरलेलो नाही.

एक्स-रेच्या फोटोत पायातली सळई सरकलेली दिसली. ती पुन्हा बसवून डॉक्टर म्हणाले, “सर, आता परत असं झालं तर पाय काढावा लागेल.”

घरी आल्यावर सर माझ्यासमोर उभे राहिले. “गेटही मीच उघडं ठेवलं होतं. दारही मीच उघडलं.”

“मग आता तुम्हीच लावा,” प्रतिमाताई म्हणाल्या.

सरांनी कडी लावली. भुरी कण्हू लागली. सर आतल्या खोलीत गेले, परत आले, खुर्चीत बसले, उठले. हात दोनदा कडीकडे गेला. शेवटी त्यांनी सतरंजी ओढली आणि गुडघे सांभाळत जमिनीवर माझ्या कुशीला आडवे झाले. तीन बोटं त्यांनी सळयांमधून आत सरकवली. भुरीने ती हुंगली, चाटली आणि त्यांच्यावर हनुवटी टेकवून डोळे मिटले. बोटांना मुंग्या आल्या असणार, पण तासभर त्यांनी हात काढला नाही.

म्हणून मी श्रेष्ठ ठरलो, असं मी म्हणणार नाही. प्लॅस्टिकवाल्याच्या भोकांतून बोट जात नव्हतं, हे खरं. पण डॉक्टरांकडे जाताना गाडीत मी खडखडलो असतो. तिथे त्यानेच तिला सांभाळलं.

रोज दुपारी सर तसेच पडून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, सोयाबीनच्या भावासकट. माझी कडी फक्त तिला शी-शूसाठी गळपट्ट्याला धरून बाहेर नेण्यापुरती निघे. सहा आठवड्यांनी फोटो काढला. हाड जुळलं होतं. भुरी थोडी लंगडते, पण चारही पायांवर चालते.

आता मी मागच्या अंगणात असतो. प्रतिमाताई माझ्यावर कुरडयांची परात ठेवतात. भुरी जवळून जाते, माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही.

काल शेजारच्या सुवर्णाबाई सरांना विचारत होत्या. त्यांच्या कुत्र्याचं परवा ऑपरेशन आहे. “सर, प्लॅस्टिकचा बरा की लोखंडी?”

“ते मला अजूनही नक्की सांगता येत नाही,” सर म्हणाले. “दोन्ही घेऊन जा. पण दार लावल्यावर तुम्ही कुठे बसणार, ते आधी ठरवा.”

सुवर्णाबाई, मला न्यायला जरूर या. घासूनपुसून तयार आहे मी. मात्र कुत्र्याला माझ्यात ठेवून, घराला कुलूप लावून जाणार असाल, तर मला इथेच राहू द्या.