दांडीची उंची

नणंद-भावजयींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. भावजय ताडमाड उंच, हॉस्पिटलात आयाचं काम करून निवृत्त झालेली. नणंद मुळातच ठेंगणी, त्यात शिवणाच्या मशीनवर वाकून वाकून आणखी आखूड झालेली. ज्याच्यामुळे हे नातं जुळलं तो भला माणूस जाऊन बारा वर्षं झाली होती. भांडण मात्र ठणठणीत होतं.

आता घरमालकाला त्यांची खोली परत हवी होती. नशिबाने जवळच एक संस्था गरीब म्हाताऱ्यांसाठी कमी भाड्याच्या घरांची इमारत बांधत होती. एकट्याला एक खोली, दोघांना दोन.

"मी एकटीचीच मागणार," नणंदेने ठणकावलं. "चाळीस वर्षं तुझं घोरणं ऐकलं, आता पुरे."

"मागा की, वन्सं. मी कुठे तुमचा पदर धरलाय?" भावजय म्हणाली खरी, पण तिची काळजी वेगळीच होती. एकटीने राहायला ती भीत नव्हती. गेल्या वर्षी नणंद न्हाणीघरात घसरली तेव्हा तिनेच उचललं होतं. आता कोण उचलणार? पण 'माझ्याबरोबर राहा' म्हणायला तोंड उघडेल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच बांधकामावर गेली. तिथल्या तरुण इंजिनीअरबाईंनी आवारात प्लायवूडचं नमुन्याचं घर उभं केलं होतं. "नकाशा म्हाताऱ्यांना कळत नाही आणि मला म्हाताऱ्यांचे गुडघे कळत नाहीत," असं त्या म्हणायच्या. म्हणून येईल त्याच्या हातात पेन्सिल द्यायच्या.

"आजी, न्हाणीघरात धरायला दांडी कुठे बसवू?"

भावजयीने वाकून, क्षणभरही विचार न करता खूण केली.

"एवढी खाली? तुमच्या तर मांडीशी येईल."

भावजयीने जीभ चावली. "माझ्यासाठी नाही हो. घरात एक ठेंगणी आहे. म्हणजे होती... जाऊ दे, खोडून टाका."

इंजिनीअरबाईंनी खोडलं नाही. त्यांनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे वर एक खूण होती. भावजयीने हात पुढे केला, तो बरोबर त्या खुणेवर टेकला.

"काल एक ठेंगण्या बाई हात उंच करून ती करून गेल्या. दोघींच्या घराचा अर्जही सही करून ठेवलाय. म्हणाल्या, आमची भावजय येईल. तिने दांडी खाली दाखवली तर अर्ज तिच्यापुढे ठेवा. स्वतःपुरती वर दाखवली, तर फाडून टाका."

भावजयीचे डोळे भरून आले. त्या संस्थेचे, त्या पोरसवद्या इंजिनीअरबाईंचे, अगदी त्या प्लायवूडचेही उपकार मानावेत असं तिला वाटलं. आणि सगळ्यांत जास्त त्या खाष्ट बाईचे. तिने सही केली.

घरी नणंद मशीनवरच होती. मान वर न करता तिने विचारलं, "किती उंचीवर दाखवलीस?"

"तुमच्या कमरेएवढी."

"हं. तू पडलीस तर तुझं धूड मला उचलवणार नाही. म्हणून तुझीही बसवायला सांगितली, दुसरं काही नाही."

"फार उपकार झाले, वन्सं," भावजय म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यात टोमणा नव्हता.

नणंद सुईत दोरा ओवू लागली. एरवी तिला पहिल्याच खेपेला जमायचं. आज तिसऱ्यांदाही जमेना, तेव्हा भावजयीने तिच्या हातातून दोरा घेतला आणि ओवून दिला.