वारा तर येतोय

लाकूड घासण्याच्या यंत्रावरच्या, भुसा ओढून घेणाऱ्या हुडाशी मी कागदाची पट्टी धरली. बोटभर रुंद, वीतभर लांब, पातळ. ती आत ओढली जात होती, याबद्दल शंका नव्हती. पण ती ताठ होत नव्हती. पट्टीचा पहिला अर्धा भाग हुडाकडे वळत होता आणि पुढचं टोक खाली लोंबत होतं. मधूनच थोडं उचलायचं, पुन्हा पडायचं. याच हुडापाशी पूर्वी अशीच पट्टी धरली की ती चिमटीतून सुटायला बघायची.

"ओढतोय ना?" बाबा मागून म्हणाले.

"ओढतोय. पण अर्धवट."

"अर्धवट म्हणजे काय? वारा एक तर असतो, नाहीतर नसतो."

मी वळून पाहिलं. बाबा असं बोलत नसत. किती वारा, कुठून, कशाला अडतोय, हे विचारण्यात त्यांची हयात गेली होती. मी पट्टी खिशात ठेवली.

बाबा कारखान्यांचे पंखे सांभाळतात. छताला टांगलेले नव्हेत. गोगलगाईच्या शंखासारख्या लोखंडी कवचात चाक फिरतं, मधून हवा आत घेतं आणि कडेने बाहेर फेकतं, ते पंखे. माणसाच्या छातीएवढे उंच असतात. मी पदार्थविज्ञान शिकले, काही वर्षं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढली आणि मग बाबांच्या हाताखाली आले. तेव्हापासून ते मला चारचौघांत 'प्राध्यापकबाई' म्हणतात. माझं काही चुकलं की जरा जास्तच आदराने.

हा लाकडी सामानाचा कारखाना आमचं जुनं गिऱ्हाईक. लाकूड घासताना उडणारा भुसा ओढून नेणारा त्यांचा पंखा बंद पडला होता. मोटर जळली होती. आम्ही तिच्यातली तार बाहेरून नव्याने गुंडाळून आणली आणि मोटर बसवून दिली. ती बसवायच्या दिवशी मला ताप होता, म्हणून बाबा एकटेच आले होते. आणि आता फोरमन कमरेवर हात ठेवून उभे होते.

"पंखेवाले, तुमचा पंखा भुसा सोडून बाकी सगळं ओढतोय. वीज ओढतोय, माझा जीव ओढतोय."

घासण्याच्या यंत्रावरच्या मावशींनी तोंडावरचा रुमाल खाली केला. त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. "काल घरी गेले तर नातू म्हणतो, आजी, तू एका दिवसात एवढी म्हातारी कशी झालीस? मी म्हटलं, पंखा दुरुस्त करून घेतला म्हणून."

सगळे हसले. बाबाही हसले. मी बाबांकडे पाहत राहिले.

गेले कित्येक महिने मी हेच करत होते, बाबांकडे पाहत राहणं. एका ठिकाणी त्यांनी बेअरिंगमध्ये आधीच्या ग्रीसवर वेगळ्याच जातीचं ग्रीस भरलं आणि दोन्ही मिळून ताकासारखं पातळ झालं. एका ठिकाणी पुलीचा स्क्रू आवळायचा राहिला. आई आणि मी तेव्हापासून एक प्रश्न एकमेकींकडे टोलवत होतो: बाबांनी आता यंत्रांना हात लावणं थांबवायला हवं का, आणि हवं असेल तर त्यांना सांगायचं कोणी.

"तू दिवसभर त्यांच्याबरोबर असतेस, तू सांग," आई म्हणायची.

"तू जन्मभर त्यांच्याबरोबर आहेस, तू सांग."

"माझं ऐकणारे असते तर आपल्या स्वयंपाकघरातला पंखा इतकी वर्षं मुका राहिला असता का?"

हसण्यावारी न्यायचं आणि उठायचं, असं चाललं होतं. खरं कारण वेगळं होतं. मला खात्री नव्हती. ग्रीसच्या दोन्ही डब्यांचा रंग सारखा होता. स्क्रू आवळताना कोणीतरी त्यांना हाक मारली होती. प्रत्येक चुकीला एक स्पष्टीकरण होतं आणि ते पटण्यासारखं होतं. दोन-चार बिंदूंवरून रेघ ओढू नये, हे मी शिकले होते. पण पुरेसे बिंदू म्हणजे किती, हे कोणी शिकवलं नव्हतं. आणि माणूस जर यंत्राच्या पेटीत हात घालत असेल, तर किती बिंदूंची वाट बघायची?

आम्ही कामाला लागलो. गाळणीच्या पिशव्या उघडल्या, स्वच्छ होत्या. पट्टे अंगठ्याने दाबून पाहिले, ताण ठीक. नळीतली झडप पूर्ण उघडी होती. बेअरिंगवर हात ठेवला, कोमट. मोटर किती वीज घेते ते मोजलं. पाटीवरच्या आकड्याच्या आत होती. प्रत्येक गोष्ट वेगवेगळी बरोबर होती आणि सगळ्या मिळून चूक होत्या. तपासण्यासारखं काही उरलं नाही तसं माझं डोकं आणखी जड व्हायला लागलं.

"नळीत काहीतरी अडकलंय," बाबा ठामपणे म्हणाले. "वळणावर. उघडा."

फोरमननी कुरकुरत दोन माणसं दिली. वळणाचा तुकडा उतरवला. आत हात घालून बाबांनी एक रबरी हातमोजा बाहेर काढला, भुशाने भरून फुगलेला, पाच बोटं ताठ.

"सापडला चोर!" त्यांनी तो उंच धरला. "हात वर करूनच बाहेर आलाय!"

मावशींनी टाळ्या वाजवल्या. मला इतकं हलकं वाटलं की मी खाली बसले. म्हणजे बाबांचं काही चुकलं नव्हतं. हातमोजा कोणाचाही असेल. आईला संध्याकाळी हेच सांगायचं, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

नळी जोडली. पंखा चालू केला. मी पट्टी धरली.

पट्टीचं टोक लोंबलं.

"हवेला जरा वेळ द्या," बाबा म्हणाले.

"हवेला?" फोरमन म्हणाले. "झोपेतून उठून यायचंय का तिला?"

बाबांनी हातमोजा खिशात घातला. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी त्यांना बाजूला, पंख्याच्या खोलीत नेलं. तिथे दोन पंखे शेजारी शेजारी आहेत. एक हा, भुशाचा, आणि दुसरा रंगाच्या खोलीचा, जो त्या दिवशी बंदच होता. पंख्याच्या आवाजात मोठ्याने बोलावं लागत होतं.

"बाबा, मोटर बसवल्यावर फिरण्याची दिशा बघितली होती?"

"बघितली ना. न बघता निघालो असं कधी झालंय?"

"कशी बघितलीत?"

"बाहेरच्या तोंडाशी कागद धरला. फडफडला. वारा बाहेर येतोय म्हणजे पंखा बरोबर फिरतोय."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, थोडं वैतागून.

या पंख्याची गंमत अशी की तो उलटा फिरला तरी वारा बाहेरच फेकतो. कमी फेकतो, आवाज जास्त करतो, पण फेकतो बाहेरच. टेबलावरचा पंखा उलटा फिरला तर वारा मागे जातो. हा तसा नाही. म्हणून कागद धरून याची दिशा कळत नाही. चाकाकडे डोळ्यांनी बघावं लागतं. हे मला पुस्तकाने शिकवलं नाही, बाबांनी शिकवलं. माझ्या पहिल्याच आठवड्यात मी असाच कागद धरला होता, आणि त्यांनी चार माणसांसमोर विचारलं होतं, "काय प्राध्यापकबाई, वाऱ्यालाच विचारताय का, तू कुठून आलास म्हणून?"

क्षणभर मला वाटलं, ते माझी परीक्षा घेताहेत. ते घ्यायचे तशी. मुद्दाम चुकीचं बोलून समोरचा कधी अडवतो ते बघायचे. मी त्यांच्या चेहऱ्यात ते मिश्कील काहीतरी शोधलं. आत्ता हसतील, आत्ता म्हणतील, उशीर केलात. मी थांबले. ते माझ्याकडे बघत होते, आणि मी का थांबले हे त्यांना कळत नव्हतं.

"पंखा बंद करून चाक बघू या," मी म्हटलं.

दारापलीकडे, हॉलच्या भिंतीवर, पंख्याची बटणं आहेत. फोरमननी लाल बटण दाबलं. जड चाक लगेच थांबत नाही. वेग उतरत जातो आणि शेवटी पुलीचे आरे वेगवेगळे दिसू लागतात. कवचावर दिशेचा बाण असतो, पण कारखान्याने मध्ये सगळं हिरवं रंगवून घेतलं होतं आणि बाणही त्याखाली गेला होता. मी पुलीच्या बाजूला उभी होते, बाबा पलीकडे, नळीच्या बाजूला.

"घड्याळासारखा फिरतोय," बाबा म्हणाले. "बरोबर आहे."

मला तो घड्याळाच्या उलट फिरताना दिसत होता. मी तसं सांगितलं.

"तू उलट्या बाजूने बघतेस."

"दिशा नेहमी पुलीकडूनच सांगायची ना?"

"कोण म्हणालं?"

तुम्हीच, असं ओठांवर आलं. पण ते इतक्या खात्रीने विचारत होते की माझीच खात्री डळमळली. एकाच चाकाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन माणसांचं कधीच एकमत होणार नाही, आणि दोघंही खरं बोलत असतील. मी फिरून त्यांच्या बाजूला गेले. हो, इथून घड्याळासारखा. परत माझ्या बाजूला आले. उलटा. मग मूळचा कसा होता? मी इतक्यांदा पाहिलेला हा पंखा, आणि मला आठवेना. डावं-उजवंसुद्धा हाताकडे बघून ठरवावं लागलं.

शेवटी मी खडू घेतला. शंखाचं कवच एका जागी चाकाला अगदी खेटून असतं आणि तिथून वळत वळत रुंद होत बाहेरच्या तोंडाशी मिळतं. चाकाने अरुंद जागेकडून रुंद जागेकडे फिरायचं. मग बघणारा कुठेही उभा असो. मी कवचावर त्या वळणाने बाण काढला. चाक अजून मंद फिरत होतं, बाणाच्या बरोबर विरुद्ध.

बाबा वाकून बघत राहिले. चाक थांबेपर्यंत बघत राहिले.

"मोटर गुंडाळणाऱ्याने तारांच्या टोकांच्या खुणा बदलल्या असतील," ते म्हणाले.

"असतील." आणि ते खरंही असू शकत होतं. तीनपैकी दोन तारा अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते. कोणाच्याही हातून होतं. माझी अडचण तारांची नव्हती. माझी अडचण कागदाची होती.

"दोन तारा बदलल्या की झालं," बाबा एकदम हुशारीत आले. "दोन मिनिटांचं काम. काय घाबरवलंस!"

"मी पाना आणते."

"माझ्या खिशात आहे. मी मेन स्विचचा खटका पाडतो."

पेटीतलं नीट दिसावं म्हणून मी टॉर्च आणायला पिशवीपाशी गेले. परत आले तेव्हा बाबा स्टुलावर चढले होते आणि मोटरच्या पेटीचं झाकण काढून डाव्या हातात धरून होते. उजव्या हाताने पहिला नट ढिला करत होते. ओठांत काहीतरी गुणगुणत होते. फार दिवसांनी गुणगुणत होते.

मी खोलीच्या भिंतीकडे पाहिलं. दोन मेन स्विच, दोन्हींच्या मुठी लाल, शेजारी शेजारी. एक खाली होती, एक वर. खाली होती ती रंगाच्या खोलीची. आमच्या पंख्याची मूठ वर, म्हणजे चालूच होती.

तारांमध्ये त्या क्षणी वीज नव्हती. हॉलमधलं हिरवं बटण कोणी दाबलं असतं तर आली असती.

"झालं का हो?" फोरमनचा आवाज आला. "लावू का चालू?"

"थांबा!" मी ओरडले. "हात लावू नका कशालाही!"

मूठ दोन्ही हातांनी खाली ओढली. काम चालू असताना कोणी स्विच लावू नये म्हणून मी कमरेला बाळगते ते कुलूप तिच्या भोकात घातलं, किल्ली फिरवली, किल्ली खिशात टाकली. हे सगळं करायला किती वेळ लागला मला माहीत नाही. फोरमन दारात येऊन उभे राहिले, त्यांनी मुठीकडे पाहिलं, स्टुलावरच्या बाबांकडे पाहिलं आणि परत गेले.

"काय झालं एवढं ओरडायला?" बाबा म्हणाले. "मी खटका पाडलाय की."

"दुसऱ्याचा पाडलात."

त्यांनी वळून पाहिलं. बराच वेळ दोन्ही मुठींकडे आळीपाळीने पाहिलं, चाकाकडे पाहिलं होतं तसंच.

"सारख्याच आहेत दोन्ही," ते हळू म्हणाले. "कोणाचीही चूक होईल."

होईल. माझीही होईल. दोन्ही मुठी लाल आहेत, शेजारी आहेत, हे स्पष्टीकरण आधीच्या सगळ्यांइतकंच पटण्यासारखं होतं. मी ते मनात नीट तपासूनही पाहिलं आणि त्यात काही खोट सापडली नाही. फक्त ते मला आता नको होतं. बाबांची बोटं अजून त्या नटावर होती. त्यांच्या नखांत जुनं ग्रीस होतं.

मी स्टूल एका हाताने धरलं.

"बाबा, खाली या."

"एवढं करून येतो."

"नाही. आधी खाली या." माझा आवाज मला ओळखीचा वाटला नाही, पण तो थांबला नाही. "या तारा मी बदलते. आणि आजपासून कुठल्याच यंत्राच्या पेटीत तुम्ही हात घालायचा नाही. इथेही नाही, दुसरीकडेही नाही. तुमचं हे काम आज संपलं, बाबा."