शेड नंबर सात

"हा रुमाल कुणाचा?"

सावळीराम पगारेंनी बाकावरचा रुमाल दोन बोटांत धरून वर केला, तेव्हा शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. मग पाण्यातून एक निथळता गृहस्थ पळत आला.

"माझाय काका. आम्ही नऊ जण आहोत, जागा धरलीय."

"बुकिंग केलंय?"

"बुकिंग कशाला? रुमाल टाकलाय ना."

"नऊ माणसं मावतील एवढा मोठा दिसत नाही," पगारे म्हणाले आणि रुमालाची नीट घडी घालून त्यांनी तो परत केला. गृहस्थ पुटपुटत गेला. असली पुटपुट पगारेंच्या अंगाला लागत नसे. एसटीत जन्म घालवलेल्या कंडक्टरची कातडी तेवढी जाड होतेच.

खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं हा आपल्याकडे जन्मसिद्ध हक्क. पगारेंना तो कधीच मान्य नव्हता. 'रुमालाला मी तिकीट फाडत नाही, माणूस दाखवा,' हे त्यांचं वाक्य नाशिक-सटाणा रस्त्यावर प्रसिद्ध होतं. एकदा त्यांनी सख्ख्या साडूला सीटवरून उठवून सटाण्यापर्यंत उभं नेलं. साडूने त्यानंतर कित्येक वर्षं घरची पायरी चढली नाही. पगारेंची बायको कमळाबाई हे गाऱ्हाणं अजूनही ताजं असल्यासारखं सांगत.

कुंभमेळ्याच्या जादा गाड्यांवर ओरडून ओरडून घसा बसला आणि त्याच वर्षी पगारे निवृत्त झाले. घरी बसवेना. पुढच्या उन्हाळ्यात मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या या वॉटर पार्कात लागले. काम त्यांच्या सवयीचंच होतं. गर्दी आवरायची, रांगा लावायच्या आणि शेड सांभाळायच्या. मे महिन्यातल्या रविवारी पार्कात पाणी कमी आणि माणसं जास्त. मालेगावहून टेम्पो भरून येत, सिन्नर-निफाडहून अख्खी वऱ्हाडं उतरत, आणि प्रत्येकाला पाण्याच्या आधी सावली हवी असे. शेडसाठी आदल्या दिवशी फोन करून नाव लावायचं. ज्याचं नाव त्याची शेड, पण अकरा वाजेपर्यंतच. अकरानंतर जो येईल त्याची. आणि रविवारी पार्कातल्या नोकरांनी शेड धरायची नाही. हा शेवटचा नियम मालकांनी पगारेंच्याच सांगण्यावरून केला होता, कारण नोकरांच्या मेहुण्यापाहुण्यांनी निम्म्या शेड आधीच भरलेल्या असायच्या. आता तोच नियम त्यांच्या गळ्याशी आला होता.

त्याचं कारण होतं त्यांची मुलगी तृप्ती. पंचवटीतल्या एका औषधांच्या एजन्सीत कॉम्प्युटरवर बिलं करायची. सत्ताविशी आली होती. बघायला येणारे येत, पोहे खात, 'कळवतो' म्हणत आणि कळवत नसत. मागच्या वेळी तर मुलाच्या काकाने तिला चालून दाखवायला सांगितलं. त्या रात्री ती बापाला म्हणाली होती, "नाना, आता घरात ट्रे घेऊन मी कुणापुढे येणार नाही. ज्याला भेटायचंय त्याने बाहेर भेटावं. नाहीतर राहू दे." पोरीने सगळंच सोडून देण्याआधी एक तरी स्थळ धड बघितलं जावं, एवढंच पगारेंना हवं होतं.

सटाण्याच्या अहिरे मंडळींना बाहेर भेटणं चालणार होतं. मुलगा किशोर पतसंस्थेत क्लार्क, म्हणजे सुट्टी फक्त रविवारी. "या की आमच्या पार्कात," पगारे फोनवर उत्साहात बोलून गेले, "सावलीत निवांत बसू. मी आहे ना तिथे. जागेची काळजी करू नका." फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचाच नियम आठवला. पण बोललं ते बोललं.

त्यांनी मनाशी हिशेब मांडला. शेड नंबर सात येवल्याच्या बायकांच्या भिशीने फोनवर धरली होती. अकरा वाजायला आले तरी त्यांचा पत्ता नव्हता. अकरा वाजले की शेड मोकळी, आणि मोकळ्या शेडमध्ये कुणीही बसावं. नेमके अहिरे लवकर आले. सोबत घामाघूम झालेल्या कमळाबाई आणि साधा निळा ड्रेस घातलेली तृप्ती. उन्हात उभे असलेले पाहुणे बघून पगारेंचा धीर सुटला. 'आता कोण येतंय,' म्हणत त्यांनी मंडळींना सातमध्ये नेऊन बसवलं. उभ्या आयुष्यात माणसाने एकदा वाकडं पाऊल टाकायचं ठरवलं, तर ते नेमकं शेणात पडतं.

"जय भीम, जय भीम," झालं. किशोरचे वडील पुंजाराम अहिरे घसा खाकरून, "तर मुलीचं शिक्षण..." असं विचारणार, तोच समोर लाल-हिरव्या साड्यांचा घोळका येऊन उभा राहिला. सगळ्यांत पुढे कमरेवर पिशवी टेकवलेल्या, भिशीच्या म्होरक्या भागुबाई.

"आमचं बुकिंग हाय दादा. सात नंबर. निफाडला टेम्पो पंक्चर झाला म्हनून उशीर झाला. पर अकरा नाय वाजले अजून."

पगारेंनी ऑफिसवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नव्हतेच वाजले, पण काटा टेकला होता. 'वेळ संपली' म्हणून दामटलं असतं तर बायका भांडल्या असत्या आणि शेवटी गेल्या असत्या. कमळाबाई डोळ्यांनी तेच सांगत होत्या. पुंजाराम खाली बघत होते. तृप्ती मात्र थेट बापाकडे बघत होती.

पगारेंनी पाहुण्यांकडे वळून हात जोडले. "अहिरेसाहेब," ते म्हणाले, "ही जागा या बाईंची आहे. मी चुकून बसवलं तुम्हाला. उठावं लागेल."

किशोर उठला, त्याने आईची पिशवी घेतली आणि सगळे उन्हात आले. भागुबाईंच्या बायका आत शिरल्या आणि डबे उघडले गेले. पगारेंना वाटलं, पृथ्वीने आता पोटात घ्यावं.

"जन्मभर लोकांना उठवलं," कमळाबाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "आज पोरीच्या सासूलाही उठवलंत. समाधान झालं?"

"होणारी सासू," पगारे म्हणाले. कमळाबाईंनी कपाळावर हात मारला.

पुंजारामांना राग आलेला दिसत होता. "जरा चहा बघतो," म्हणून ते गेले ते गेलेच. किशोरच्या आई यशोदाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, एका कडुनिंबाच्या विरळ सावलीत चपला काढल्या आणि सरळ गवतावर फतकल मारली. "जागा नही शे तर नही शे," त्या अहिराणीत म्हणाल्या, "आठेच बसूत. या ताई." कमळाबाई अवघडून शेजारी टेकल्या. चार माणसांनी समोरासमोर बसून मुलीला प्रश्न विचारावेत अशी ती जागाच नव्हती. मुलांच्या चेंडूपासून डोकं वाचवण्यातच सगळ्यांचं लक्ष.

समोरून लहान मुलांची झुकझुक गाडी शिट्टी घालत गेली. यशोदाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "माले त्या गाडीमा बसनं शे," त्या एकदम म्हणाल्या. मग किशोरला आणि तृप्तीला म्हणाल्या, "जा, लाइन मोठी शे. तुम्ही दोन्ही हुबा राव्हा. नंबर उना का माले बलावा."

दोघं गेले. रांग चांगली लांब होती. बांबूच्या कठड्यांतून वळत वळत ती पाण्याच्या टाकीपर्यंत पोचली होती. पगारेंना सुपरवायझरची हाक आली. गाडीच्या फाटकावर गोंधळ चालला होता, साखळी धरायला माणूस हवा होता. बरंच झालं, त्यांना वाटलं. बायकोच्या नजरेसमोरून सुटका. ते साखळी धरून उभे राहिले. मोजून माणसं सोडत होते, घुसणाऱ्यांना मागे पाठवत होते, आणि मधूनच टाकीकडे बघत होते. निळा ड्रेस आधी हाताची घडी घालून उभा होता. एका वळणानंतर घडी सुटली. आणखी एका वळणाला किशोर काहीतरी सांगत होता आणि तृप्ती मान हलवून नाही म्हणत होती. पुढच्या वळणाला ती बोलत होती, हातवारे करून, आणि तो ऐकत होता. मग ती हसली. घरी कुणी बघायला आल्यावर ती हसल्याचं पगारेंना आठवेना.

ती दोघं साखळीपाशी आली. गाडी रिकामी होऊन उभी होती.

"या," पगारे म्हणाले, आणि मग त्यांना आठवण झाली. "यांच्या आईंना बोलवायचंय ना? त्या बघ, बसल्यात तिथे. हाक मारतो."

यशोदाबाई कडुनिंबाखाली स्पष्ट दिसत होत्या. एका हाकेचं अंतर. त्यांनीही गाडी पाहिली होती, त्या उठायलाही लागल्या होत्या.

तृप्तीने तिकडे पाहिलं. किशोरने तृप्तीकडे पाहिलं.

"नको नाना," ती म्हणाली. "एवढी माणसं मागे खोळंबलीत. आई येईपर्यंत उशीर होईल. आम्ही परत मागे जाऊन उभे राहतो."

"अगं, पण पुन्हा एवढी मोठी..." पगारे बोलता बोलता थांबले. तिकडे यशोदाबाई अर्ध्या उठलेल्या पुन्हा खाली बसल्या होत्या आणि कमळाबाईंच्या मांडीवर थाप मारून काहीतरी सांगत होत्या.

"काका," किशोरने अदबीने विचारलं, "लाइनचा शेवट कुठंय आता?"

पगारेंनी टाकीच्याही पलीकडे हात दाखवला. दोघं तिकडे निघाले, कठड्याच्या बाहेरून, अजिबात घाई न करता. पगारेंनी साखळी खाली घेतली आणि पुढच्या माणसांना आत सोडलं. डोळे भरून आल्यामुळे या वेळी त्यांची मोजणी चुकली.